चांगल्या दिवसांची पत्रं

येलहंका
११ जून २०२३

गिरी,

गेल्या रविवारी तुझा फोन आला. "मला इथल्या व्यसनमुक्तीच्या वॉर्डात हलवलंय," एवढं म्हणालास आणि लाइन कट. तुमच्या जेलच्या फोनवर माणूस "जेवलास का" विचारीपर्यंत वेळ संपते. म्हणून ठरवलं, पत्रच लिहावं. आणि मराठीत लिहितोय. तुमच्या तिथल्या तपासणाऱ्या साहेबाला अक्षर कळलं तर शपथ.

खरं सांगू? मला हसू आलं. आमचा गिरीराज आणि व्यसनमुक्ती! शिक्षा कमी होत असेल तर बस बाबा तिथे, माझी ना नाही. नाहीतर सुम्मने, उगाच कशाला डोक्याला ताप?

काल माळ्यावर जुनी रॅकेट सापडली. तार तुटलीय, पण मुठीला तू गुंडाळलेली निळी पट्टी अजून आहे. ती हातात घेतली आणि दावणगेरे आठवलं. आठवतं? अख्खं मैदान लाइटांनी उजळलेलं, बायका-पोरं भिंतीवर बसलेली, आणि आपण पाच जण येलहंक्याची पिवळी बनियन घालून उतरलो. लोक आता क्रिकेटशिवाय काही ओळखत नाहीत. आपल्या बॉल बॅडमिंटनला तेव्हा गाव लोटायचं. सामना संपल्यावर बिंदुमाधव कप्तानानं रॅकेटच्या कव्हरातून बाटली काढली. तू मिलिटरी हॉटेलात, त्या मटणाच्या खानावळीत, टेबलावर चढून कन्नड, मराठी, तेलुगू अशा तिन्ही भाषांत भाषण ठोकलंस. मालकानं हाकलायच्या ऐवजी फुकट ऑम्लेट दिलं! परतीच्या बसमध्ये कंडक्टरलाही पाजली आपण. तो तुमकूरपर्यंत गात होता.

असे दिवस आता कुणाला मिळतात, गिरी?

मी आता स्वल्प घेतो. रविवारी, तेही जेवणाआधी. कारखान्यातून व्हीआरएस घेतल्यापासून वेळ खूप आहे, पण सवय राहिली नाही. प्रेमा बरी आहे. बहीणच ती, रोज तुझी आठवण काढते.

तुझा,
सुहास

*

कारागृह, बेंगळूर
२ जुलै २०२३

सुहास,

पत्र मिळालं. तपासणारे मंजुनाथ साहेब मराठी जाणत नाहीत हे खरं, पण ते तुझ्यापेक्षा हुशार आहेत. मला समोर बसवलं आणि म्हणाले, "वाच, आणि कन्नडात सांग." त्यामुळे त्यांच्याबद्दल तू लिहिलंस तेही मलाच सांगावं लागलं. ते हसले. "सरी, ठीक आहे. तुझ्या मेहुण्याला सांग, पुढच्या पत्रात जरा स्तुती कर."

शिक्षा कमी होत नाही. एका दिवसानंही नाही. मग मी इथे का, ते सांगतो.

तुम्हा सगळ्यांना वाटलं असेल, आत गेला म्हणजे आपोआप सुटला. दारू सुटली. सुरुवातीला हात असे कापायचे की ताटली तोंडाशी नेईपर्यंत सांबार अंगावर. भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा चाललेल्या दिसायच्या, बोट लावलं की भिंत कोरडी. ते ओसरलं, आणि मग गोळ्या लागल्या. झोपेच्या, दुखण्याच्या, मिळतील त्या. भिंती उंच असल्या म्हणजे आत काही येत नाही असं समजू नकोस. मागच्या उगादीला न्हाणीत पडलो, डोक्याला टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतोस?" मी म्हटलं, "काही नाही." ते म्हणाले, "काही न घेणारा माणूस सपाट जमिनीवर असा पडत नाही." त्यांनीच इथे पाठवलं.

पूर्वी इथे विणकामाची शेड होती. आता आम्ही राहतो. सकाळी व्यायाम, मग गोळी. कंपाउंडर गोळी देतो आणि तोंड उघडायला लावून जिभेखाली बघतो, लहान पोराचं बघावं तसं. नवा माणूस आला की पहिले दिवस जुना माणूस त्याच्याजवळ बसतो. त्याला इथे 'सोबती' म्हणतात. माझा सोबती एक म्हातारा रिक्षावाला होता. मी त्याला शिव्या घालायचो आणि तो माझे पाय चेपायचा.

दुपारी झाडाखाली गोल करून बसायचं. हर्षिता मॅडम येतात. उपदेश करत नाहीत. विचारतात आणि गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचाच त्रास होतो. गेल्या आठवड्यात म्हणाल्या, प्रत्येकानं आयुष्यातला एक चांगला दिवस घेऊन यायचा. मला सुचेना. आणि तुझं पत्र आलं! मी ते गोलात वाचलं. कंडक्टरशी पोचलो तेव्हा सगळे लोटपोट. आल्यापासून एक शब्द न बोललेला माणूसही हसला.

आणखी लिही. आमच्या इथे चांगल्या दिवसांचा तुटवडा आहे.

प्रेमा आठवण काढते, हे वाचून बरं वाटलं. निकालाच्या दिवसापासून ती एकदाही आली नाही. मी तिला दोष देत नाही.

गिरी

ता. क. तुझं अक्षर ओळीवरून खाली घसरतंय. चष्मा बदल.

*

येलहंका
१८ ऑगस्ट २०२३

गिरी,

तुमचे मंजुनाथ साहेब म्हणजे देवमाणूस. झाली स्तुती?

आता मोठी बातमी. भूमिकाचं लग्न ठरलं! मुलगा प्रणीत, कोरमंगल्यात कुठल्याशा स्टार्टअपमध्ये आहे. दिवसभर लॅपटॉपमध्ये तोंड घालून असतो, पण मला बघितलं की उठून उभा राहतो. हल्ली कोण उठतं? लग्न फेब्रुवारीत, इथेच आपल्या कल्याण मंटपात. तू आत्ताच पॅरोलचा अर्ज घाल. मामाशिवाय मुलीला मंडपात कोण आणणार? परवा तीच म्हणाली, "अप्पा, मामा येईल ना?" मी म्हटलं, नाही येऊन काय करतो!

तुझ्या गोलासाठी आणखी एक दिवस देतो. हिंदूपूर. आपण येलहंका जंक्शनवर पॅसेंजर पकडायला उभे. कप्तानानं पाण्याच्या मगात काय भरून आणलंय ते टीसीला सोडून सगळ्यांना ठाऊक. समोरच्या बाकावरची आजी तहानेनं कासावीस. म्हणाली, "बाळ, घोटभर पाणी दे." आणि तू, गाढवा, खरंच मग पुढे केलास! मी झडप घातली म्हणून, नाहीतर म्हातारी गाडीतच नाचली असती. नंतर आपण हसून हसून डब्याच्या दाराशी बसलो. दोन्हीकडे भुईमुगाची शेतं, वारा, आणि तो पाण्याचा मग आपला हातोहात फिरतोय. मला मरताना एखादी गोष्ट आठवायची असेल तर ते दार आठवावं.

तुझ्यासाठी एक चांगली बाटली बाजूला ठेवलीय. लग्न लागलं की मागे पार्किंगमध्ये जाऊन दोघंच उघडू. एवढी वर्षं झाली, एवढा हक्क आहे आपला. तो अपघात तुझ्या नशिबात होता, झाला. नशिबाला किती दिवस भोगायचं?

चष्म्याचं बघतो.

सुहास

*

कारागृह
१७ सप्टेंबर २०२३

सुहास,

भूमिकाला माझे आशीर्वाद. ती फ्रॉकमध्ये माझ्या बसच्या बॉनेटवर बसून यायची, तेवढीच माझ्या डोळ्यांसमोर आहे. पॅरोलचा अर्ज घातलाय. वॉर्डातल्या सगळ्यांना सांगून झालंय. रिक्षावाले आजोबा मला मंडपात चालायची तालीम देताहेत.

हिंदूपूरचं पत्रही वाचलं. सगळे हसले. मग हर्षिता मॅडमनी विचारलं, "ऐकताना तुमच्या तोंडात काय झालं?"  शेवटी आजोबा म्हणाले, "पाणी सुटलं, अम्मा." एकेक करून सगळ्यांनी मान हलवली. माझ्याही तोंडाला सुटलं होतं.

मग त्यांनी मला विचारलं, "हिंदूपूरला सामना कोण जिंकलं?"

सुहास, मला सांगता येईना. मी म्हटलं, दावणगेरेचं सांगतो. तेही आठवेना. कोण कुठे उभं होतं, शेवटचा चेंडू कुणी मारला, काहीच नाही. पाण्याचा मग, बाटली, कंडक्टर, ऑम्लेट, एवढंच. तुला आठवतं का? आठवत असेल तर खरंच कळव.

त्या दिवशी तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली आणि दुपारभर मला बसवेना. इतकी तलफ गेल्या कित्येक महिन्यांत आली नव्हती. शेवटी आजोबांचा हात धरून बसलो.

म्हणून दोन गोष्टी मागतो. ती बाटली ठेवू नकोस. कुणाला देऊन टाक, ओतून टाक. आणि मला एखादा त्याच्या आधीचा दिवस लिही. आपण शाळेत असतानाचा. असतीलच ना?

आणखी एक. नशीब म्हणू नकोस. होसूर रोडवर तो माणूस सायकलवरून कँटीनच्या कामाला चालला होता. रस्त्याच्या कडेनं, नीट चालला होता. मी सकाळीच घेऊन बस चालवायला बसलो होतो आणि मला तो दिसलाच नाही. त्याची बायको कोर्टात रोज यायची, हिरवी शाल पांघरून. हे मी गोलात पहिल्यांदा मोठ्यानं बोललो, तेव्हा सगळ्यांसमोर उलटी झाली. पण बोललो. तू नशीब म्हणालास की तो माणूस पुसला जातो.

रागावू नकोस. तुझी पत्रं हवी आहेत मला.

गिरी

*

येलहंका
९ ऑक्टोबर

गिरीराज,

जेलमध्ये जाऊन साधू झालास, अभिनंदन.

आपल्या आयुष्यात सोन्यासारखे चार दिवस होते, त्यांचाही तुमच्या त्या मॅडमनी पंचनामा केला. सामना कोण जिंकलं! आम्ही जिंकायला जायचो का? आम्ही सोबत जायचो.

मला शिकवू नकोस. मी घरात बसून माझ्या पैशाची पितो. रस्त्यावर माणूस तू मारलास, मी नाही.

सुहास

*

येलहंका
२२ नोव्हेंबर २०२३

अण्णा,

मी प्रेमा. तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. मराठी लिहायची सवय नाही, आपल्याकडे घरात बोलतो तेवढंच. चुका समजून घे.

हे तुला काय लिहीत होते ते मला ठाऊक नव्हतं. तुझ्या पत्रावर चिडून घरभर ओरडत होते तेव्हा कळलं, दोघांचा पत्रव्यवहार चालू आहे. मी रोज तुझी आठवण काढते असं ह्यांनी लिहिलं म्हणे. खोटं आहे. मी काढत नव्हते. आठवण आली की कामाला लागत होते.

आणखी काय काय लिहिलंय कोण जाणे, म्हणून खरं ते सांगते. फक्त रविवारी घेतो म्हणून सगळ्यांना सांगतात, तसं नाही. हे सकाळी दात घासायच्या आधी घेतात. व्हीआरएसच्या आधी दोन वर्षांपासून. हात कापतो म्हणून भूमिकाच्या साखरपुड्याला गडद रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला आणि हात खिशातून काढलाच नाही. प्रणीतच्या आईनं विचारलं, "थंडी वाजते का?" दिवाळीच्या तोंडावर रेल्वे फाटकापाशी स्कूटरवरून पडले. कॉलरबोन मोडलं. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या म्हणून वाचले. डॉक्टर म्हणाले, लिव्हर सुजलंय, असंच चाललं तर फार वर्षं नाहीत.

आता मुख्य. अण्णा, तू लग्नाला येऊ नकोस.

तू सुधारलास असं म्हणतात. असशील. पण मला माझं लग्न आठवतं. मी हळद लावून, मुंडावळ्या बांधून बसले होते. मुहूर्त टळत आला आणि ना नवरा सापडेना ना भाऊ. मुलीचा बाप असून दादा घामाघूम होऊन गल्लोगल्ली शोधत होते. तुम्ही दोघं मंटपाच्या मागे, गळ्यात गळे घालून गात होता. लोक हसले. अजूनही घरच्या समारंभात ती गोष्ट सांगून हसतात. मीही हसते. त्या वेळी मी वीस वर्षांची होते आणि मला विहिरीत उडी मारावीशी वाटत होती, हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

तुम्ही दोघं एका जागी आलात की काय होतं ते मी आयुष्यभर पाहिलंय. माझ्या मुलीच्या मंडपात मला ते नको. तिला मी सांगेन, सुट्टी मिळाली नाही.

तब्येत सांभाळ.

प्रेमा

*

कारागृह
६ डिसेंबर २०२३

चि. प्रेमा,

पॅरोलचा अर्ज काल मागे घेतला. मंजुनाथ साहेब म्हणाले, "अरे, पोलिसांचा रिपोर्टसुद्धा चांगला आलाय." मी म्हटलं, घरून निरोप आहे. 

तुझं पत्र मी गोलात वाचलं नाही. ते माझं एकट्याचं आहे.

आता ऐक. रागावलीस तर रागाव, पण एक कर. रागाच्या भरात त्याच्या बाटल्या एकदम फोडून त्याला खोलीत कोंडू नकोस. लोक तसं करतात आणि माणूस जातो. इतकी वर्षं सकाळपासून घेणाऱ्याची एकदम बंद केली तर झटके येतात, भ्रम होतो. मी आता इथे सोबती आहे. नव्या माणसाजवळ बसतो. मागच्या महिन्यात एकाला माझ्या डोळ्यांदेखत झटका आला. डॉक्टर नसते तर संपला असता. म्हणून सुहासला दवाखान्यात न्यायचं, भरती करायचं, औषधांखाली उतरवायचं. तिथेही तो ओरडेल, तुला नाही नाही ते बोलेल. बोलू दे. ते ऐकायला तू तिथे बसायचंच असं नाही. बाहेर जाऊन कॉफी पी. हर्षिता मॅडमना विचारून येलहंक्याजवळच्या दोन जागांचे पत्ते खाली लिहिलेत. जायला तो तयार व्हायला हवा, हे मात्र खरं. मी कसा तयार झालो ते विचारशील तर सांगता येत नाही. डोकं फुटलं तेव्हा झालो.

सुहासकडे मी दारूच्या आधीचा एक दिवस मागितला होता, त्यानं लिहिला नाही. आता मीच तुला लिहितो. दादा ओट्यावर बसून चेंडू बनवायचे. पिवळी लोकर तळहातावर गुंडाळायची, मध्ये गाठ मारायची, मग कात्रीनं कापून गोल करायचा. तू फ्रॉकच्या ओच्यात लोकर घेऊन बसायचीस आणि प्रत्येक चेंडू गालाला लावून बघायचीस. "हा टोचतोय," म्हणालीस की दादा पुन्हा कापायचे. विठोजींचे चेंडू म्हणून दादांच्या चेंडूंना यशवंतपूरपर्यंत मागणी होती, आणि त्यातला एकही तुझ्या गालाला लागल्याशिवाय गेला नाही. सुहास तेव्हा तुझ्याकडे बघत समोरच्या मैदानाच्या दोरीला अडकून पडला होता. नाकाचं साल निघालं. हे त्यानं तुला कधी सांगितलं नसेल.

तेव्हा आम्ही कुणी थेंब घेतला नव्हता, प्रेमा. आणि तरी आम्ही खूप हसायचो.

तुझा,
अण्णा

*

येलहंका
१४ जानेवारी २०२४

गिरी,

अक्षराला हसू नकोस. पेन दोन हातांनी धरतोय.

तू पत्ता दिलास त्यातल्याच एका ठिकाणी आहे. भरती कसा झालो ते सांगतो. प्रेमानं तुझं पत्र मला दाखवलं नाही. सकाळी मी ग्लास धुवून घेतला आणि बसलो, तर ती समोर येऊन उभी. म्हणाली, "अण्णा लग्नाला येणार नाही."

मी म्हटलं, "घाबरला. तोंड दाखवायची लाज."

ती म्हणाली, "मी नको म्हटलं त्याला. त्यानं अर्ज मागे घेतला. एका शब्दानं 'का' म्हणून विचारलं नाही."

मी म्हटलं, "असं कसं? तो सुधारलाय ना? मग का नको?"

तर ती म्हणाली, "तो सुधारलाय. पण इथे तुम्ही आहात."

आवाज चढवला नाही. रडली नाही. स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. मी ग्लास हातात धरून बसलो होतो. मग तो प्यायलो, खोटं का बोलू? प्यायलो आणि मग प्रणीतला फोन केला. त्याच पोराला, कारण दुसऱ्या कुणाला करायची हिंमत नव्हती. म्हटलं, "गाडी घेऊन ये, आणि माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू दे." तो अर्ध्या तासात आला. गाडीत एवढंच म्हणाला, "अंकल, माझ्या चिक्कप्पांना, धाकट्या काकांना, मीच नेलं होतं. तिथे पहिल्या आठवड्यात चहा मागू नका, फार वाईट असतो."

पुढचं तू जाणतोस. मला मुंग्या नाही दिसल्या. मला कोपऱ्यात बिंदुमाधव कप्तान शिट्टी वाजवताना दिसला. मी उठून खेळायला लागलो म्हणे. दोन वॉर्डबॉयनी धरून बसवलं.

मी तुला लिहिलं ते, माणूस तू मारलास ते. ते मी पुसू शकत नाही. स्कूटर फाटकावर पडली तेव्हा समोर शाळेची व्हॅन होती. तिचा ब्रेक लागला म्हणून. नशीब म्हणणार होतो, खोडलं.

मला शेवटी एक दिवस आठवला. सरकारी शाळेच्या मैदानावर आपण दोघं, शनिवारी सकाळी. पाणी मारून माती दाबलेली, चुन्याच्या रेषा अजून ओल्या. तू मागे, मी पुढे. सराव चालला होता, सामना नव्हताच. एक चेंडू इतका वेळ खाली पडेना की कडेची पोरं मोठ्यानं मोजायला लागली. मग आपल्यालाही हसू फुटलं आणि चेंडू तुझ्या डोक्यावर पडला. एवढंच. नंतर इडली खाल्ली असेल. हा दिवस तुमच्या गोलात वाच. कुणाच्या तोंडाला पाणी सुटणार नाही.

प्रेमा काल येऊन गेली. म्हणाली, अण्णाला लिहा, पुन्हा अर्ज घाल म्हणावं. ये गिरी.

सुहास

*

कारागृह
२८ जानेवारी २०२४

सुहास,

दोन हातांनी धरलेलं पेन मला ठाऊक आहे. वाचता आलं.

येता येणार नाही. मागे घेतलेला अर्ज नव्यानं घालायचा म्हणजे पोलिसांचा रिपोर्ट पुन्हा, सगळं पुन्हा. मंजुनाथ साहेबांनी दोन ठिकाणी फोन केले. फेब्रुवारीत नाही जमत. प्रेमाला सांग, तिनं वाईट वाटून घेऊ नये. त्या वेळी तिचं बरोबर होतं. मी आलो असतो आणि तू ती बाटली काढली असतीस, तर मी नाही म्हणालो असतो का? इथे बसून हो म्हणणं सोपं आहे.

तुझा शनिवार वाचला. कुणी हसलं नाही. आजोबा म्हणाले, "पुन्हा वाच." मी दोनदा वाचला. मग गोलात बराच वेळ आपापल्या गावच्या मैदानांबद्दल बोलणं चाललं. कुणाची विटी-दांडू, कुणाचं तळं. मॅडमनी वेळ संपली तरी थांबवलं नाही.

लग्नाच्या दिवशी एकटा राहू नकोस. जो पहिला म्हणेल, "आज मुलीचं लग्न आहे, एक चालतो," तो तुझ्यावर प्रेम करणाराच असेल. त्याच्यापासूनच सांभाळ.

गिरी

*

येलहंका
३ मार्च २०२४

अण्णा,

लग्न पार पडलं. हे लिहितो लिहितो म्हणाले, पण मीच म्हटलं, मी लिहिते.

मुलीला मंडपात आणायला मामाच्या जागी बिंदुमाधवना उभं करू, असं सगळ्यांचं ठरलं होतं. आयत्या वेळी भूमिका उठेना. म्हणाली, "मामाच्या जागी दुसरा मामा नको." भटजी घड्याळ बघायला लागले. मग मीच तिचा हात धरला आणि घेऊन आले. मागे कुणीतरी पुटपुटलं, असं नसतं. मला ऐकू आलं, पण हात सुटला नाही. चालताना ती माझ्या कानात म्हणाली, "अम्मा, मामाला खरंच सुट्टी मिळाली नाही?" मी म्हटलं, "मीच नको म्हणाले. चुकलं की बरोबर ते मला अजून कळलं नाही." तिनं माझा हात दाबला. अक्षता डोक्यावर पडत होत्या तेव्हा आम्ही दोघी रडत होतो आणि सगळ्यांना वाटलं, सासरी जातेय म्हणून.

आता तुला हवंय ते. जेवणं चालू झाली आणि मंचावरून मला खिडकीतून पार्किंग दिसत होतं. कप्तान, जुने खेळाडू, गाडीची डिक्की उघडलेली. हे तिकडे चालत गेले. अण्णा, माझ्या हातात वऱ्हाडाला द्यायचं तबक होतं, मला हलता येईना. वीस वर्षांची होते तशीच उभी राहिले. कप्तानानं ह्यांच्या खांद्यावर हात टाकला. काय बोलले ते मला नंतर प्रणीतच्या भावानं सांगितलं. हे म्हणाले, "कप्तान, मला आज देऊ नका. माझी बायको खिडकीत उभी आहे." कप्तान म्हणाले, "अरे, ती कशाला बघते?" तर हे म्हणाले, "ती नेहमीच बघत होती. मी वळून बघत नव्हतो." आणि कप्तानाला हाताला धरून पंगतीत आणून बसवलं. स्वतः शेजारी बसले. तीन पुरणाच्या होळीग्या खाल्ल्या, तुपाबरोबर. हात कापत होता, पण खिशात घातला नाही.

इथेच पत्र थांबवलं असतं तर बरं दिसलं असतं. पण तुला खरं तेच लिहायचं ठरवलंय.

भूमिका गेली आणि घर रिकामं झालं. तिच्या खोलीत दोघंही जात नव्हतो. आठवडा सरला नाही तोच मी बाजारातून आले तर हे पायरीवर बसलेले. म्हणाले, "प्रेमा, मी घेतली." मी पिशवी तिथेच आपटली. टोमॅटो रस्त्यावर गेले. वाटेल ते बोलले. शेजारच्या सुप्रीता अक्का बाहेर येऊन बघत होत्या. ह्यांनी वाकून टोमॅटो वेचून आणले. मग म्हणाले, "वास येण्याआधी सांगायला बसलो होतो." एवढ्या वर्षांत ह्यांनी स्वतः येऊन सांगितलं असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी डॉक्टरकडे गेले. आता तिथल्या गोलात बसतात. तुमच्यासारखाच गोल आहे म्हणे, झाड मात्र नाही.

पुढे काय होईल मला ठाऊक नाही. डॉक्टरनाही ठाऊक नाही. तुझं तरी काय, तू बाहेर आलास की कळेल. पण मी वाट बघायला कंटाळले आहे. वाट बघत बघत तीन वर्षं तुला भेटले नाही.

येत्या रविवारी मी येते. हे म्हणाले, बरोबर येतो. मी नको म्हटलं. ह्यांना मित्राला भेटायचंय, मला भावाला. वेगवेगळे येऊ. भेटीच्या वेळेचं मंजुनाथ साहेबांना फोन करून विचारलं. आवाजानं भला माणूस वाटतो.

तू मुद्दाम काही तयारी करून बोलू नकोस, माफी वगैरे मागू नकोस. तिथे काचेमागे फार आवाज असतो असं ऐकलंय, ऐकू येणारही नाही. मी दादांसारखी मोठ्यानं बोलेन. लग्नाचे फोटो भूमिकानं छापून दिलेत, काचेला लावून एकेक दाखवेन. तू फक्त समोर येऊन बस.

प्रेमा